दारचे कुत्रे कोणाचे?



साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत ढोरांच्या डॉक्टरला बोलावले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "माझ्याकडे सांगण्यासारखी फक्त जनावरे आहेत." ते म्हणाले, "मग जनावरांवरच बोला." दोन दिवसांनी मी विषय कळवला : पाळलेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण मालकाने करून घ्यावे हा नियम, आणि आपला आदिलाबाद जिल्हा. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "चालेल."

पशुसंवर्धन खात्यातील माझी बहुतेक वर्षे पैनगंगेच्या अलीकडच्या पट्ट्यात गेली. जैनद, बेला, तामसी या भागातली गावे. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर थोडी दखनी. या गावांनी मला जे शिकवले त्यातले एवढेच आज सांगणार आहे, आणि सुरुवात एका घटनेपासून करतो.

एका गावात शाळेतून घरी येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला कुत्रे चावले. पोटरीला दोन दात लागले होते. मुलाला लस सुरू झाली, ते बरे झाले. पण कुत्रे पिसाळलेले आहे का, हे पाहायला मला बोलावले होते. चावणारे कुत्रे ओळखीचे असेल तर त्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचे, ही आमची रीत. चावताना त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतील तर त्या मुदतीत ते आजारी पडते किंवा मरते. दहा दिवसांनंतरही धडधाकट राहिले, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही असे समजता येते. साधी गोष्ट आहे. फक्त कोणीतरी त्याला बांधून ठेवले पाहिजे.

ज्या घराच्या ओट्याखाली ते कुत्रे बसले होते, त्या घरच्या माणसाला मी विचारले, "कुत्रं तुमचं का?"

"नाही जी डॉक्टरसाब. आमच्या दारात बसते फक्त."

"भाकर कोण टाकतं?"

"टाकतो ना. सगळेच टाकतात."

तेवढ्यात आतून एक लहान पोर बाहेर आले. मी त्याला विचारले, "याचं नाव काय रे?" पोर लगेच म्हणाले, "मोत्या." कुत्र्याने शेपटी हलवली. बापाने पोराकडे असे पाहिले की ते परत आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा कुत्रे तिथे नव्हते. कुठे गेले ते कोणी सांगितले नाही, आणि मीही फार विचारले नाही. नोकरीत अशी उत्तरे न मागण्याची सवय लागते, आणि ती चांगली सवय नाही, हे निवृत्तीनंतर कळते.

आता नियमाकडे येतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्या कायद्याखाली केंद्र सरकारने २००१ मध्ये कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले. त्यांत कुत्र्यांचे दोन वर्ग पाडले : पाळीव आणि रस्त्यावरचे. पाळीव कुत्र्याचे नियंत्रित प्रजनन, लसीकरण, निर्बीजीकरण आणि परवाना यांची जबाबदारी मालकावर टाकली. १० मार्च २०२३ रोजी नवे नियम आले. त्यांतही तोच धागा आहे. पाळीव जनावराला जंताचे औषध, लस आणि निर्बीजीकरण हे काम मालकाचे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे हेच काम नगरपालिका किंवा ग्रामपंचायत अशा स्थानिक संस्थेचे. म्हणजे ज्याला आपण नवा नियम म्हणतो, तो कागदावर येऊन दोन तपांहून अधिक काळ लोटला. माझ्या गावांत तो फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना वाटते की तो हैदराबादच्या फ्लॅटमधल्या लॅब्रॅडोरसाठी आहे.

त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पाळीव म्हणजे घरात ठेवलेले, आणि रस्त्यावरचे म्हणजे कोणाचेच नसलेले, अशी ती वाटणी आहे. शहरात ही वाटणी बरीचशी जुळते. आपल्याकडे मोत्या कुठे बसवायचा? तो घरात येत नाही, त्याच्या गळ्यात पट्टा नाही, त्याला कोणी विकत घेतलेले नाही. पण त्याला नाव आहे. त्याच्या वाट्याची भाकर आहे. रात्री अनोळखी पाऊल वाजले तर तो त्याच घरासाठी भुंकतो. शेतावर गेला तर त्याच घरच्या सोयाबीनमधून रानडुक्कर हाकलतो.

आपण साहित्याची माणसे आहात, म्हणून शब्दांकडे लक्ष वेधतो. वर्तमानपत्र म्हणते 'भटकी कुत्री'. नगरपालिकेची नोटीस म्हणते 'मोकाट'. कधी 'बेवारस' असाही शब्द येतो. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही तो. हा शब्द आपण सापडलेल्या प्रेतासाठी आणि बसस्थानकावर राहिलेल्या पिशवीसाठी वापरतो. गावातला माणूस मात्र यांपैकी एकही शब्द वापरत नाही. तो म्हणतो 'दारचं कुत्रं', 'मळ्यातलं कुत्रं', 'गल्लीतलं कुत्रं'. या शब्दांत कुत्र्याची जागा आहे, नाते आहे. मालक मात्र नाही. माझ्या मते सारा घोटाळा या एका जागेत आहे. राखण करताना कुत्रे आपले असते, चावल्यावर ते कोणाचेच नसते.

यावर कोणी म्हणेल की खेड्यातल्या माणसाला ही मालकी आणि जबाबदारी कळत नाही. हे मी मान्य करणार नाही, कारण दुसऱ्या एका जनावराच्या बाबतीत ती त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. ते जनावर म्हणजे बैल.

पाळलेल्या जनावराचे निर्बीजीकरण मालकाने स्वखर्चाने, योग्य वयात करायचे, हा नियम आपल्या शेतकऱ्याने कोणी न सांगता पिढ्यान्पिढ्या पाळला. गोऱ्हा दोन दाती झाला की त्याला बडवायचा. फार लवकर बडवला तर मान आणि वशिंड भरत नाही, फार उशीर केला तर तो हाताबाहेर जातो, हे अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसाला नेमके ठाऊक होते. जुनी पद्धत भयानक होती. गोऱ्ह्याला पाडून, चारी पाय बांधून, दगडा-लाकडाने ठेचायचे. लहानपणी मी ते एकदा पाहिले आहे, पुन्हा पाहिले नाही. नंतर बर्डिझोचा चिमटा आला. बर्डिझो हे इटलीतले पशुवैद्य. त्यांच्या चिमट्याने कातडी न कापता आतली नस दाबून काम होते. सरकारी दवाखान्यात मी या चिमट्याने किती गोऱ्हे खच्ची केले असतील याची गणती नाही. पोळ्याला ज्याच्या शिंगांना आपण बेगड लावतो, ज्याला पुरणपोळी चारतो, ज्याच्या पाया पडतो, तो हाच बडवलेला बैल. त्याला खच्ची केले म्हणून त्याचा मान कमी झाल्याचे मी कोणाकडून ऐकले नाही. उलट खच्ची केला म्हणूनच तो घरचा झाला, दाव्याला राहिला, औताला चालला.

याला अपवाद होता तो वळूचा. देवाला सोडलेल्या बैलाला जुन्या मराठीत 'पोळ' म्हणत. तो कोणाच्याही शेतात शिरे, आणि लोक हात जोडून बाजूला होत. उमेश कुलकर्णी यांचा २००८ चा 'वळू' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. देवाला सोडलेला म्हणजे मालक नसलेला. त्याने केलेले नुकसान कोणाकडे मागायचे, हा प्रश्न गावाला तेव्हाही सुटलेला नव्हता.

सरकारनेही यात हात घातला होता. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल १९२८ मध्ये आला. गुरांची जात का खालावली याची त्यात बरीच चर्चा होती. पुढे १९३३ मध्ये मुंबई इलाख्याने पशुधन सुधारणेचा कायदा केला. ठरावीक वयापुढचा वळू ठेवायचा तर परवाना घ्यायचा, नाहीतर त्याला खच्ची करायचे, हे त्याचे सूत्र. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो आणि नदीपलीकडचा यवतमाळ मध्यप्रांत-वऱ्हाडात, त्यामुळे तो कायदा आपल्या दारापर्यंत आला नाही. पण मालकाला असे बंधन घालणारा कायदा मराठी मुलखात नव्वद वर्षांपूर्वी होता, एवढे लक्षात ठेवू. १९६० च्या कायद्यानेही ठरवून दिलेल्या पद्धतीने केलेले खच्चीकरण गुन्ह्यातून वगळले, आणि २०२३ च्या नियमांनी ते नोंदणीकृत पशुवैद्याने, भूल देऊनच करायचे असे घालून दिले.

मग कुत्र्याच्या बाबतीत आपण का अडतो? माझ्या अनुभवाने तीन कारणे आहेत.

पहिले कारण शब्दाचे. 'खच्ची' हा शब्द अरबी 'खसी'पासून आला. पूर्वी तो गोठ्यात होता. आता तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आहे : मनोधैर्याचे खच्चीकरण, संस्थांचे खच्चीकरण. त्याला मानहानीचा वास लागला. म्हणून सरकारी भाषेने 'निर्बीजीकरण' असा जड शब्द घेतला. तो गावात कोणाच्या तोंडी बसत नाही. उरतो तो 'नसबंदी', आणि त्या शब्दाची एक वेगळी आठवण आहे. तिच्याकडे पुढे येतो.

दुसरे कारण भूतदयेचे. तिला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. शेजारच्या नरसीचे नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. माहूरच्या गडावर आपण जातो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद म्हणतात. खंडोबाचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवून देवाचे कुत्रे होतात. कुत्र्याला खाऊ घालणे हे पुण्य, याबद्दल आपल्याकडे दुमत नाही. पण या सगळ्या कथांत कुत्र्याच्या पिल्लांचे काय करायचे, याबद्दल एकही कथा नाही. भाकर घालण्याची परंपरा आपल्याला मिळाली, पुढची मिळाली नाही.

तिसरे कारण सांगायला जड जाते. गोऱ्हा आपण खच्ची करतो कारण त्यात आपला फायदा असतो. कुत्रीचे पोट पुन्हा पुन्हा भरले तर आपला तोटा दिसत नाही, कारण पिल्ले आपण टाकून देतो.

हे मी केलेले आहे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या घरची कुत्री व्याली, सहा पिल्ले झाली. दोन नर पिल्ले लोकांनी मागून नेली. राखणीला नर हवा असतो, मादी पिल्लू कोणी मागत नाही. महिनाभराने काकांनी उरलेली चार पिल्ले पोत्यात भरली, पोत्याचे तोंड सैल बांधले आणि मला बंडीत बसवले. पैनगंगेला पाणी कमी होते. आम्ही पलीकडे गेलो आणि एका बाभळीखाली पोते उघडून परत आलो. काका म्हणाले, "त्या गावची मानसं घालतील भाकर." मी ते खरे मानले. कित्येक वर्षांनी, नोकरीत असताना, अलीकडच्या एका गावात मी कोणाला तरी विचारले की इतकी मादी पिल्ले कुठून येतात. तो सहज म्हणाला, "नदीपलीकडचे लोक आणून सोडतात जी."

असा आपला आणि महाराष्ट्राचा व्यवहार चाललेला असतो.

त्या पिल्लांचे पुढे काय होते? कोलकात्याजवळच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांवर काही वर्षे नजर ठेवून २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. पाचांतले जेमतेम एक पिल्लू वयात येईपर्यंत जगले, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंना या ना त्या रीतीने माणूस कारण होता : गाडीखाली, मारून, विष घालून, उचलून नेऊन. म्हणजे शस्त्रक्रियेला जो माणूस पाप म्हणतो, त्याने हेही मोजले पाहिजे. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिने गाभण राहते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले देते. तिची शस्त्रक्रिया न करणे म्हणजे काही न करणे नव्हे. प्रत्येक वेळी चार पिल्ले बाभळीखाली ठेवून येणे, असा त्याचा अर्थ होतो.

आणि जे पाचवे जगते, ते लस न घेतलेले असते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, असे म्हणायला जवळजवळ हरकत नाही. माणसाला होणारा रेबीज शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कुत्र्यामुळे होतो. जखम लगेच साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि लस पुरी घ्यायची, एवढ्याने जीव वाचतो. तरी हळद-तिखट भरून झाडपाल्यावर विसंबणारे लोक मी पाहिले आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात रस्त्यावरची सुमारे १ कोटी ५३ लाख कुत्री मोजली गेली. मोत्यासारखी किती त्यात धरली आणि किती सुटली, हे मोजणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या अंबरपेटमध्ये चार वर्षांच्या मुलाला कुत्र्यांनी फाडून मारले. ते चित्रण आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिले असेल. मी पुरते पाहू शकलो नाही. अशा वेळी एकच मागणी उठते : मारून टाका. ती समजण्यासारखी आहे, पण ती नवी नाही. मुंबईत कंपनी सरकारच्या काळात कुत्री मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. जून १८३२ मध्ये त्यावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडला, दंगल झाली. कुत्र्याला त्यांच्या धर्मात मोठे स्थान आहे. आपल्या कामासाठी त्यातला मुद्दा इतकाच की मुंबईत त्यापुढेही अनेक दशके कुत्री मारली गेली आणि कुत्री संपली नाहीत. गावात दहा कुत्री मारली की त्यांची उकिरड्यावरची जागा मोकळी होते. शेजारच्या गावची कुत्री येतात, उरलेल्या मादीची पिल्ले जास्त जगतात, आणि आलेल्यांना लस दिलेली नसते. दोन वर्षांत पूर्वीचाच आकडा होतो.

२०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात कसा फिरला हे आपण वाचले असेल. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला : शस्त्रक्रिया आणि लस करून जिथून उचलले तिथे सोडा, मात्र पिसाळलेले किंवा आक्रमक असेल ते सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्यास सांगितले. या सर्व वादात दोन पक्ष होते, कुत्र्यांचे प्रेमी आणि कुत्र्यांना घाबरलेले. दारात भाकर टाकणारा आणि 'आमचं नाही जी' म्हणणारा तिसरा माणूस मला त्यात फारसा दिसला नाही. देशात तोच सर्वांत मोठ्या संख्येने आहे.

आता शस्त्रक्रियेबद्दल थोडे, कारण भीती बरीचशी माहिती नसल्याने असते. पूर्ण भूल देऊन नराचे वृषण किंवा मादीचे अंडाशय आणि गर्भाशय काढतात. नर लवकर सावरतो. मादीला पोटावर टाका असतो, तिला चार-पाच दिवस स्वच्छ जागी जपावे लागते. फायदा तिचाच जास्त : गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो, आणि पहिल्या माजाआधी केले तर स्तनाच्या गाठींचा धोका बराच घटतो. काही कुत्री नंतर वजन धरतात. मोठ्या जातीच्या कुत्र्याचे फार कोवळ्या वयात करू नये, सांध्यांना त्रास होऊ शकतो. हे मी लपवणार नाही.

"खच्ची केलं तर राखण करणार नाही," हे मला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागलेले वाक्य. त्यावर माझे उत्तर ठरलेले असे : "तुमचा बैल खच्ची केल्यावर काम करायचा थांबला का?" लोक हसत. कुत्रे भुंकते ते आपल्या जागेसाठी आणि आपल्या माणसांसाठी. ते शस्त्रक्रियेने जात नाही. उलट माजावर आलेल्या मादीमागे आठ-आठ दिवस गाव सोडून फिरणे, भांडणे, जखमी होऊन येणे हे बरेच कमी होते.

आता नसबंदीची आठवण. सक्ती हा शब्द या विषयात जपून वापरावा असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. पण आणीबाणीत जे झाले ते लोक विसरलेले नाहीत. सरकारी जीप दिसली की पुरुष कापसाच्या शेतात लपत, असे माझ्या वडिलांच्या पिढीचे लोक सांगत. जनावरे पकडणारी गाडी गावात आली की म्हातारी माणसे दार लावून घेतात, तेव्हा ती कुत्र्यालाच वाचवत असतात असे नाही.

मध्य प्रदेशात २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये निकृष्ट वळूंच्या खच्चीकरणाची मोहीम जाहीर झाली आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतली गेली. शेतकरी स्वतः जे पूर्वापार करत आला, तेच सरकारी आदेश म्हणून आले तेव्हा अधर्म ठरले. नियम करणाऱ्याने यातून शिकावे.

जगात काय चालते हेही पाहू. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने २००८ मध्ये चार महिन्यांवरच्या कुत्र्या-मांजरांच्या निर्बीजीकरणाचे बंधन मालकांवर घातले. नॉर्वेत याच्या उलट : प्राण्याच्या आरोग्याचे कारण नसेल तर निरोगी अवयव काढू नये, असा तिथल्या कायद्याचा कल आहे. आणि तिथे रस्त्यावर कुत्री नाहीत. हे कसे? कारण तिथे प्रत्येक कुत्र्याला माणूस आहे, आणि १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात कुत्रे मोकळे सोडताच येत नाही, दोरीला बांधून न्यावे लागते. भूतानने २००९ पासून गावोगाव पथके पाठवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले की मोकळ्या फिरणाऱ्या सर्व कुत्र्यांचे निर्बीजीकरण पुरे झाले. चौदा वर्षे लागली. गोव्याने वर्षानुवर्षे दारोदार फिरून कुत्र्यांना लस दिली आणि २०२१ मध्ये स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर केले. मार्ग वेगवेगळे आहेत. पण यश आले तिथे एकतर मालक पुढे आला, नाहीतर सरकार मालकाच्या दारी गेले. आपल्याकडे दोघेही एकमेकांची वाट पाहत आहेत.

सीमेवरच्या गावांना तर दोन सरकारे आहेत. पूर्वी आपल्या जिल्ह्यात असलेल्या आणि आता आसिफाबाद जिल्ह्यात गेलेल्या केरामेरी भागात परमडोली, मुकदमगुडा अशी गावे आहेत. त्यांच्यावर तेलंगणा आणि महाराष्ट्र दोघेही हक्क सांगतात. तिथे दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत आणि लोक दोन्हीकडे मतदान करत आले. मतासाठी दोन मालक, कुत्र्यासाठी एकही नाही, अशी ती स्थिती. निदान हा नियम केंद्राचा आहे, नदीच्या दोन्ही काठांवर सारखाच लागू आहे. पलीकडे नेऊन सोडण्याची सोय त्याने ठेवलेली नाही.

मग करावे काय? मी सल्ले देण्याच्या वयाचा आहे, म्हणून दोन-तीन देतो. ग्रामपंचायतीने एक साधी वही घालावी : दारची कुत्री. घराचे नाव, कुत्र्याचे नाव, नर की मादी, लस कधी दिली. त्यात कायद्याचे काही नको, दंड नको. फक्त 'भाकर कोण टाकते' या रकान्यात नाव लिहायचे. मग पशुवैद्यकीय शिबिर गावात आणावे. दवाखाना वीस किलोमीटरवर असताना मालकाला दंड करणे हा अन्याय आहे. आधी माद्यांचे करावे, कारण नर कितीही असले तरी व्यायचे काम एकटी मादीच करते. त्याच दिवशी सगळ्यांना रेबीजची लस द्यावी. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटू लागते. टाके वाळेपर्यंत कुत्रीला कोण सांभाळणार, हे त्या वहीतल्या नावाने ठरावे. सोय करून दिल्यावरही जो नाकारेल, त्याच्यासाठी दंड ठेवावा. हा क्रम उलटा केला, तर लोक दंड टाळण्यासाठी एकच गोष्ट करतील. ते म्हणतील, कुत्रे आमचे नाही.

आणि हे सगळे पोळ्यानंतरच्या आठवड्यात करावे, अशी माझी इच्छा आहे. त्या दिवसांत गाव जनावराकडे जरा वेगळ्या नजरेने पाहते.

मोत्याचे काय झाले हे मी सांगितले नाही, कारण मला माहीत नाही. त्या घरासमोरून मी पुढेही अनेकदा गेलो. दोनेक वर्षांनी ओट्याखाली दुसरे कुत्रे होते, मादी होती, आचळे लोंबत होती. ते पोर आता मोठे झाले होते. मी स्कूटर थांबवली आणि विचारले, "ही कोणाची रे?"

त्याने आधी घराकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आमची."

पुढच्या सोमवारी तो तिला दोरी बांधून दवाखान्यात घेऊन आला. माझ्या दवाखान्याच्या नोंदवहीत मालकाच्या रकान्यात कुत्र्यासमोर लिहिलेली फार थोडी नावे आहेत. त्यांतले एक त्याचे आहे.